रिव्हॉल्व्हरचं काडतूस स्वतः भरताना काय आधी निवडायचं: आधी गोळी, मग पावडर, शेवटी प्रायमर

काडतुसं स्वतः भरायला शिकणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पावडरचा. "कुठली घेऊ?" आणि उत्तर देणारेही तीन-चार नावं सांगून मोकळे होतात. प्रश्न बरोबर आहे, फक्त तो पहिला नाही. नळीतून जाणार काय, ते किती जड आहे आणि किती वेगाने जायला हवं, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरलं की पावडरचे पर्याय आपोआप कमी होतात, आणि पावडर ठरली की प्रायमरबद्दल फारसं ठरवायचं उरत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. हा छंद जिथे कायद्याने करता येतो तिथेच करायचा. कित्येक देशांत पुंगळीत पावडर भरणं म्हणजे दारूगोळा बनवणं मानलं जातं आणि त्याला वेगळा परवाना लागतो. दुसरं म्हणजे कुठल्या गोळीमागे किती पावडर, याचं एकही माप या लेखात नाही. ते माप पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या चालू तक्त्यातूनच घ्यायचं, मित्राच्या वहीतून नाही.

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत पावडर आणि तोंडाशी घट्ट धरलेली गोळी. चाप ओढला की घोडा पडतो, प्रायमर चेपतो, त्यातली ज्वाला बुडाच्या छिद्रातून आत शिरते, पावडर पेटते आणि तिच्या वायूच्या दाबाने गोळी निघते. इथवर सगळ्या बंदुकांत सारखंच. रिव्हॉल्व्हरचं वेगळेपण यापुढे आहे. सिलिंडर (काडतुसं धरणारा फिरता भाग) आणि नळी हे दोन सुटे भाग असतात आणि त्यांच्यामध्ये साधारण मिलिमीटरचा दहावा ते चौथा हिस्सा एवढी फट असते. गोळी पुंगळीतून सुटते, सिलिंडरच्या पुढच्या अरुंद तोंडातून म्हणजे थ्रोटमधून जाते, फट ओलांडते, नळीच्या नरसाळ्यासारख्या सुरुवातीत म्हणजे फोर्सिंग कोनमध्ये शिरते आणि मग नळीच्या आतल्या पिळदार खाचांत म्हणजे आट्यांत बसून फिरायला लागते. एवढ्या प्रवासात तिला दोनदा आपलं माप जुळवून घ्यावं लागतं. म्हणून गोळीपासून सुरुवात.

कागदी लक्ष्यावर सराव करायचा असेल तर साध्या शिशाच्या गोळीसारखी गोष्ट नाही. शिसं मऊ असतं, नळीची झीज करत नाही, कमी वेगातही सहज निघून जातं आणि स्वस्त पडतं. ब्रिनेल या धातूचा कडकपणा मोजायच्या पट्टीवर शुद्ध शिसं ५ च्या आसपास असतं. कथील आणि अँटिमनी मिसळलं की हा आकडा १२, १५, अगदी २२ पर्यंत जातो. नवखे लोक इथे एक ठाम समजूत घेऊन येतात: नळीत शिसं साचतं, म्हणजे गोळी मऊ पडली, म्हणजे अजून कडक गोळी घ्या. बहुतेक वेळा दोष कडकपणाचा नसून मापाचा असतो. गोळी थ्रोटपेक्षा बारीक असेल तर तिच्या कडेने तापलेला वायू पुढे पळतो, शिशाची कड वितळवतो आणि तेच शिसं नळीच्या सुरुवातीला लिंपलं जातं. अशा वेळी कडक गोळी घेतली तर प्रकरण आणखी बिघडतं, कारण मऊ गोळी दाबाने थोडी फुगून फट भरून काढते, कडक गोळी तेवढंही करत नाही.

याची तपासणी सोपी आहे. सिलिंडर काढा, रिकामा असल्याची दोनदा खात्री करा आणि पुढच्या बाजूने प्रत्येक थ्रोटमध्ये एकेक गोळी बोटाने ढकलून बघा. हलक्या दाबाने, किंचित अडत, आत सरकली तर माप जुळलं. टपकन आत पडली तर ती बारीक आहे. बोटाने हलतच नसेल तर जाड. .३८ आणि .३५७ या कॅलिबरांत तांब्याच्या आवरणाची गोळी साधारण .३५७ इंच आणि शिशाची .३५८ इंच मापाची मिळते. हा एक हजारांश इंचाचा फरक उगाच ठेवलेला नाही.

आकारांपैकी दोनच नीट ओळखून ठेवले तरी पुरे. वॉडकटर म्हणजे सपाट तोंडाची, जवळपास दंडगोल गोळी. ती कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते, म्हणून नेमबाजांची लाडकी. पण ती बहुधा पुंगळीच्या तोंडाबरोबर, संपूर्ण आत बसवतात, त्यामुळे पावडरसाठी उरलेली जागा कमी होते आणि तेवढीच पावडर जास्त दाब तयार करते. काही वॉडकटरांचं बूड पोकळ असतं. त्यांच्यामागे जोरकस भार (भार म्हणजे पुंगळीत भरलेली पावडर) लावला तर बुडाची पातळ झालर तुटून नळीत राहू शकते. ती गोळी सौम्य भारासाठीच आहे. दुसरा आकार सेमी-वॉडकटर: पुढे निमुळतं सपाट नाक, मागे धारदार खांदा. रोजच्या सरावापासून जोरकस भारापर्यंत तो सगळीकडे चालतो. एकच साचा घ्यायचा असेल तर मी हाच घेईन.

तांब्याचं आवरण असलेली गोळी वेग वाढवायचा असेल तेव्हा घ्यावी. उलट बाजूही लक्षात असू द्या: आवरणवाल्या गोळीला नळीत घर्षण जास्त होतं, त्यामुळे फार सौम्य भारात ती नळीतच अडकू शकते. शिशाच्या गोळीसाठी दिलेलं पावडरचं किमान माप तिला चालत नाही. मधला पर्याय म्हणजे पॉलिमरचा थर चढवलेली शिशाची गोळी. तिला मेणाचं वंगण लागत नाही, त्यामुळे धूर बराच कमी होतो (तो धूर बहुतांशी वंगणाचाच असतो) आणि हातालाही शिसं कमी लागतं.

वजनाच्या बाबतीत जडकडे झुकावं, असं माझं मत. हलकी गोळी वेगवान दिसते, पण .३५७ मॅग्नममध्ये १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळी आणि पावडर तोलायचं लहान एकक) हलक्या आवरणवाल्या गोळ्या पूर्ण जोराच्या भाराने सतत वापरल्यामुळे मध्यम आकाराच्या रिव्हॉल्व्हरांचे फोर्सिंग कोन तडकल्याची उदाहरणं या छंदात सगळ्यांना माहीत आहेत. गोळी आखूड असल्यामुळे ती पुंगळीतून लवकर सुटते, मागून जळती पावडर आणि तापलेला वायू त्या अरुंद जागेवर झोतासारखा आदळतो. १५८ ग्रेनची गोळी त्या कॅलिबरची जुनी, शहाणी निवड आहे. बहुतेक स्थिर साइट (नेम धरायची, हलवून जुळवता न येणारी खूण) असलेली रिव्हॉल्व्हरंही साधारण त्याच वजनावर जुळवलेली असतात. हलकी गोळी लक्ष्यावर खाली लागते, कारण नळी उसळायच्या आत ती बाहेर पडलेली असते.

आता पावडर. काळी दारू आणि आजची बिनधुराची पावडर यांत गल्लत नको. बिनधुराची पहिली यशस्वी पावडर फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये तयार केली. तिचा गाभा नायट्रोसेल्युलोज. नुसतं तेच असेल तर एकबेसी पावडर. त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळलं तर द्विबेसी. रिव्हॉल्व्हरच्या बऱ्याच पावडरी द्विबेसी आहेत. ही पावडर स्फोटकासारखी एका क्षणात फुटत नाही, ती जळते. उघड्यावर नुसती भुर्रकन पेटून जाते; बंदिस्त जागेत मात्र दाब वाढतो, दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. सगळी अक्कल या चक्राला किती मोकळं सोडायचं यात आहे. कारखानदार ते दाण्याच्या आकाराने आणि दाण्यावरच्या लेपाने ठरवतो. पातळ चकत्या असतील तर पृष्ठभाग जास्त, म्हणून जळणं झपाट्याचं. लेप दिलेले गोल दाणे सावकाश पेट घेतात. पाचोळा भसकन पेटून संपतो, ओंडका धगधगत राहतो, तसंच हे.

जलद पावडरचा दाब चटकन शिखरावर जातो आणि चटकन ओसरतो. हलक्या ते मध्यम भाराला ती उत्तम: थोडकी पुरते, धक्का सौम्य, नळीच्या तोंडाशी भडका कमी. बुल्सआय ही पावडर १८९८ पासून याच कामासाठी चालत आली आहे. मंद पावडरचा दाब तुलनेने सावकाश चढतो आणि गोळी नळीत पुढे सरकत असताना मागून ढकलत राहतो. जड गोळीला मोठा वेग द्यायचा असेल तर हीच लागते, कारण तोच वेग जलद पावडरने काढायला गेलं तर दाब मर्यादेबाहेर जातो. २४०० आणि एच-११० ही या गटातली नावं. मध्ये युनिक, एचपी-३८ वगैरे मंडळी. एकच पावडर दोन नावांनी विकली जाते असंही घडतं: एच-११० आणि विंचेस्टर २९६ एकच आहेत, एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ सुद्धा.

आखूड नळीला जलद पावडरच हवी, हा समज मात्र सोडून द्यावा. लांब नळीत जी पावडर सर्वाधिक वेग देते तीच बहुतेक वेळा आखूड नळीतही देते; फक्त भडका आणि आवाज इतका वाढतो की तो वेग नकोसा वाटतो.

जलद-मंद हा भाग सगळे सांगतात. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचा मुद्दा पावडर पुंगळीत किती जागा व्यापते हा आहे. .३८ स्पेशल १८९८ च्या सुमाराचं काडतूस, .४५ कोल्ट १८७३ चं. दोन्हींची पुंगळी काळ्या दारूसाठी बेतलेली. काळी दारू ढीगभर लागायची, म्हणून पुंगळ्या लांब. आजची जलद पावडर त्यात घातली तर ती तळाशी चिमूटभर दिसते आणि बाकी पुंगळी रिकामी. याचे दोन परिणाम होतात.

पहिला परिणाम अचूकतेवर. पुंगळी आडवी असताना पावडर तळाला पसरते. नळी वर करून मग हळूच समोर आणली तर ती प्रायमरपाशी जमते. खाली करून आणली तर गोळीपाशी. दोन्ही वेळा पेट घेणं वेगळं, त्यामुळे वेगही वेगळा. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, हे स्वच्छ दिसतं: एकाच डब्यातली काडतुसं, फक्त नेम धरण्याआधीची हालचाल वेगळी, आणि आकडे दोन गटांत विभागलेले. काही पावडरींना हा फरक कमी जाणवतो, काहींना फार.

दुसरा परिणाम बोटांवर आणि डोळ्यांवर. एवढी थोडी पावडर लागत असेल तर त्याच पुंगळीत चुकून दुप्पट पडली तरी सांडत नाही. काही पावडरींच्या बाबतीत तिप्पटही मावते. दुप्पट भार म्हणजे फुटलेला सिलिंडर. म्हणून नवख्याला माझा सल्ला असा: सर्वांत काटकसरीची पावडर घेऊ नका, फुगीर घ्या, जिचा योग्य भार पुंगळी अर्ध्याहून जास्त भरतो. मग दुप्पट पडली तर ती तोंडातून बाहेर येईल आणि गोळी बसणारच नाही. एका पौंडात ७००० ग्रेन पावडर येते. काटकसरीच्या पावडरीने डबा जास्त दिवस पुरतो हे खरं, पण त्या हिशेबात रिव्हॉल्व्हरची आणि हाताची किंमत धरलेली नसते. पावडर कुठलीही असो, भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करून दिव्याखाली प्रत्येकीत डोकावायचं आणि मगच गोळ्या बसवायच्या. एखादी उंच किंवा बुटकी दिसली तर लगेच कळतं.

भार कमी ठेवला की सुरक्षित, हेही सरसकट खरं नाही. बहुतेक पावडरींसाठी कमाल मापाच्या साधारण दहा टक्के खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं असतं. पण एच-११० साठी बनवणारी कंपनीच सांगते की दिलेल्या मापापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त खाली येऊ नका. ही पावडर पुरेसा दाब मिळाला नाही तर नीट पेटत नाही, अर्धवट जळते आणि गोळी नळीत अडकवते. तो फुसका बार: "ठो" ऐवजी "फट्ट", धक्का जवळजवळ नाही. अशा वेळी पुढचा चाप ओढायचा नाही. हत्यार सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ थांबायचं, ते रिकामं करायचं आणि नळी मोकळी आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गेली तर नळी फुगते किंवा फाटते.

मग भार जास्त झाला हे कळणार कसं? जुने लोक वापरलेल्या प्रायमरकडे बघायला सांगतात: कडा चपट्या झाल्या म्हणजे दाब वाढला. रायफलमध्ये याला थोडाफार अर्थ आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये या खुणेवर विसंबणं धोक्याचं, आणि कारण आकड्यांतच आहे. अमेरिकेतल्या सामी या संस्थेच्या मानकानुसार .३८ स्पेशलची कमाल मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंड; .३५७ मॅग्नमची ३५,०००. दोन्हींत तोच स्मॉल पिस्टल आकाराचा प्रायमर बसतो. जो प्रायमर ३५,००० ला तग धरतो तो .३८ मध्ये मर्यादेच्या दीडपट दाब झाला तरी चेहऱ्यावर काही दाखवणार नाही. .४५ कोल्टची मर्यादा तर १४,०००. तिथे खूण दिसेपर्यंत जुन्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर कधीच संकटात गेलेला असतो. पुंगळ्या सिलिंडरमध्ये चिकटून बसायला लागल्या, बाहेर काढायला जोर लागला, तर ती खूण जास्त खरी. पण तीही उशिरा येते. म्हणून तक्ता हाच आधार. गोळी, प्रायमर किंवा पुंगळी यांतलं एक जरी बदललं तरी पुन्हा खालून सुरुवात.

प्रायमर निवडायला तसा सोपा. रिव्हॉल्व्हरसाठी दोन आकार: स्मॉल पिस्टल .१७५ इंच आणि लार्ज पिस्टल .२१० इंच व्यासाचा. पुंगळीच कुठला हे ठरवते. लार्ज रायफल प्रायमरचा व्यास तोच असला तरी तो उंच असतो, पिस्टलच्या खळग्यात बसवला तर बाहेर डोकावतो. रिव्हॉल्व्हरमध्ये बाहेर डोकावणारा प्रायमर फार त्रास देतो: सिलिंडर फिरताना तो मागच्या पोलादी भिंतीवर घासतो आणि सिलिंडर अडतो. म्हणून प्रत्येक प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित खोल बसला आहे ना, हे बोट फिरवून बघावं. डोळ्याला न दिसणारी उंची बोटाला लागते.

साधा की मॅग्नम, हे पावडर ठरवते. मॅग्नम प्रायमरची ज्वाला जास्त तापलेली आणि दमदार असते. एच-११० सारख्या लेप दिलेल्या, पेटायला जड पावडरींना ती लागते, कडाक्याच्या थंडीतही उपयोगी पडते. जलद पावडरमागे मॅग्नम प्रायमर लावण्यात काही हशील नाही, वर दाब चढतो तो वेगळाच. आणखी एक रिव्हॉल्व्हरची खास भानगड: चाप हलका व्हावा म्हणून घोड्याची स्प्रिंग नरम केलेली असते. मग कडक कवचाचा प्रायमर दर सिलिंडरमागे एखादा पेटायचं नाकारतो. मऊ कवचाचे प्रायमर घेऊन हे सुटतं. पण त्याआधी प्रायमर खळग्याच्या तळापर्यंत बसतोय ना ते बघा. अर्धवट बसलेला प्रायमर पहिल्या ठोक्यात नुसता आत सरकतो आणि दुसऱ्या ठोक्यात पेटतो. दुसऱ्यांदा घोडा पडल्यावर बार उडत असेल तर दोष बहुधा बसवण्यातच.

साठवणीचं थोडक्यात. प्रायमर मूळ खोक्यातच ठेवावेत, जिथे प्रत्येकाला वेगळं घर असतं. बाटलीत सुटे ओतले तर एक पेटला की सगळे पेटतात. पावडर मूळ डब्यातच ठेवावी, तो डबा आगीत कमी दाबालाच उकलावा असा बनवलेला असतो, म्हणून त्याला मजबूत लोखंडी पेटीत बंद करू नये. टेबलावर एका वेळी एकच पावडर. चांगल्या पावडरला सॉल्व्हंटसारखा वास येतो. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबणारा आंबट वास आला किंवा तांबूस धूर, तांबूस भुकटी दिसली तर ती पावडर संपली असं समजायचं. आणि काम झालं की हात साबणाने धुवायचे, कारण शिसं गोळीत असतं तसं बहुतेक प्रायमरमध्येही असतं.

सगळं जुळल्यावर शेवटची पकड उरते ती क्रिंपची. पुंगळीचं तोंड गोळीवरच्या खाचेत वळवून दाबतात, त्याला रोल क्रिंप म्हणतात. बार उडतो तेव्हा रिव्हॉल्व्हर मागे उसळतो, सिलिंडरमधल्या उरलेल्या पुंगळ्या त्याच्याबरोबर मागे जातात आणि जड गोळ्या मात्र जागच्या जागी राहू पाहतात. परिणामी त्या पुंगळीतून हळूहळू पुढे सरकतात. पुरेशी पुढे आली की गोळीचं नाक सिलिंडरबाहेर येतं आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. हत्यार जितकं हलकं आणि भार जितका जोरकस, तितकं हे लवकर घडतं. मंद पावडरला मजबूत क्रिंपचा आणखी एक उपयोग होतो: गोळी क्षणभर अडून राहते, दाब वाढायला वेळ मिळतो आणि पावडर नीट पेट घेते.

नव्या भाराची परीक्षा अशी घ्यावी. सहा काडतुसं भरा, एकावर मार्करने खूण करा आणि त्याची लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. पाच झाडा, खुणेचं शेवटपर्यंत सिलिंडरमध्येच राहू द्या. मग ते काढून पुन्हा मोजा. लांबी तेवढीच असेल तर क्रिंप पुरेसा आहे. वाढली असेल तर क्रिंप कमी पडतोय, किंवा पुंगळीची पकड सैल आहे, नाहीतर गोळीवरची खाच तोंडाच्या बरोबर समोर येत नाही. गोळी किती खोल बसतेय ते आधी तपासा, पावडरला हात लावू नका.